आईंच्या मापाचा ओटा

लग्न होऊन मी कल्याणला पारनाक्याजवळच्या घरात आले तेव्हा इंटिरियरचा डिप्लोमा पुरा करून ठाण्यात एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगच्या कामाला लागले होते. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दुमजली, सागवानी खांबांचं आणि नीट राखलेलं. सासरे लाकडाला वेळच्या वेळी तेलपाणी करून घ्यायचे. स्वयंपाकघराकडे मात्र कुणी पाहिलंच नव्हतं. चूल जाऊन गॅस आला, पण तोही हातभर उंचीच्या दगडी कट्ट्यावर. चिरणं, लाटणं, जेवणं, सगळं खाली बसून. सासूबाईंचे गुडघे केव्हाच गेले होते. उठताना त्या खांबाला धरायच्या, पण तोंडातून आवाज निघू द्यायच्या नाहीत.

एकदा जेवताना सासरे म्हणाले, "एवढं शिकलीयस, तर आपल्या घरात करून दाखव." मला त्याच दिवशी टेप घेऊन बसावंसं वाटलं.

सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांना विचारलं, "आई, तुम्हाला काय काय हवंय?"

"मला काय विचारतेस? ह्यांना विचार."

"स्वयंपाक बाबा करतात का?"

त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "पोळ्या लाटताना परसातली विहीर दिसली तर बरं वाटेल."

मी त्यांना भिंतीशी उभं केलं, कोपरात हात वाकवायला सांगितला आणि खडूनं खूण केली. त्या ठेंगण्या होत्या. ओटा नेहमीपेक्षा बराच खाली आला. विहिरीकडे खिडकी काढली. मूळच्या तुळया तशाच ठेवल्या. माळ्यावर धान्याच्या जुन्या कोठाराच्या फळ्या पडल्या होत्या, त्यांचं लंबगोल टेबल करून घेतलं आणि ते मुद्दाम ओट्याला लागून ठेवलं. त्याची एक खुर्ची अशी, की बसल्या जागेवरून शेगडीपर्यंत हात पोचावा. करणारीलाही सगळ्यांबरोबर गरम जेवता यावं, एवढाच त्यातला विचार. ती खुर्ची आईंची.

पहिल्या दिवशी थोरले दीर आणि जाऊबाई डोंबिवलीहून आले. आई त्यांच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला तोच सासरे म्हणाले, "अगं, तू बसलीस तर वाढणार कोण?"

"बाबा, सगळं टेबलावरच आहे. मी देते ना," मी म्हणाले.

आई उठल्या होत्या. त्यानंतर आई त्या टेबलावरच जेवायच्या, पण सगळ्यांचं झाल्यावर. मी थांबायचे त्यांच्याबरोबर. आलेल्यांना सासरे घर दाखवायचे. "स्वयंपाकघर आमच्या सुनेनं केलंय," असं अभिमानानं सांगायचे आणि लगेच चहा टाकायला सांगायचे.

सासरे गेले आणि वर्ष सरायच्या आत वाटणी निघाली. डोंबिवली सोडून इथंच राहायचं म्हणून खालचा मजला थोरल्या दिरांनी मागितला. मी म्हटलं, "भाऊजी, स्वयंपाकघर तरी दोघांत ठेवू या."

"तू काय, वर नवीन करशील. तुला येतंच ते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दाराच्या कडीशी चाळा करत होता.

आईंना जिना चढवत नव्हता, म्हणून त्या खाली राहिल्या. टेबलही खालीच राहिलं, कारण ते जिन्यातून वर जाईना. जाऊबाई उंच, त्यांना ओट्याशी वाकावं लागायचं. त्यांचीही पाठ दुखत असणार, तेवढं मला कळत होतं. पण दुसरा ओटा करायला तिथं जागा होती. त्यांनी माझाच फोडला. मी वर गॅलरीत गॅस मांडला होता, तिथं दिवसभर हातोड्याचे घाव ऐकू येत होते. नवीन ओटा काळ्या ग्रॅनाइटचा झाला. कपाटांना जागा हवी म्हणून विहिरीकडची खिडकी बुजवली. आईंचे हात आता नीट पोचत नव्हते. एकदा दूध सांडलं, तेव्हा जाऊबाईंनी त्यांना सांगितलं, "तुम्ही आता बाहेरच बसत जा." त्या बाहेर बसू लागल्या. मी संध्याकाळी वाटीत काहीतरी घेऊन खाली जायचे. आई खाऊन वाटी पदरानं पुसायच्या आणि मला परत द्यायच्या. स्वयंपाकघराबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही.

आई गेल्या. तेराव्याला पंगत त्याच टेबलावर बसली. जाऊबाई मला म्हणाल्या, "तूच वाढ बाई, तुला सगळं ठाऊक आहे इथलं."

मी तुपाची तामली शोधू लागले. एकही कपाट माझ्या ओळखीचं नव्हतं. तीन उघडली, तिन्हींत दुसरंच काही होतं. मागून थोरले दीर म्हणाले, "अगं, भात निवतोय."

मी वाढायची पळी टेबलावर ठेवली आणि वर निघून गेले. थोड्या वेळानं नवरा आला. "आजच्या दिवशी तरी असं करायला नको होतंस. लोक काय म्हणतील?"

"तुला काय म्हणायचंय ते सांग," मी म्हणाले.

खालून ताटांचे आवाज येत होते. पुढच्या वर्षी आम्ही टिटवाळ्याला नव्या इमारतीत जागा घेतली. सामान भरायच्या दिवशी थोरल्या दिरांनी टेम्पोपर्यंत येऊन दोन पिशव्या उचलून दिल्या आणि वरचा मजला आता भाड्यानं देता येईल का, असं माझ्यासमोरच नवऱ्याला विचारलं.