दिवाणासारखी भक्कम बोट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढं माझ्या आत्याची म्हैस जाते. आणि ती गेली माझ्यामुळं!

मी फर्निचरचा मिस्त्री. दिवाण, कपाटं, किचनच्या ट्रॉल्या. आमचं गाव कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या अगदी काठाला. पुरासाठी पंचायतीची एक फायबरची बोट आहे. वर्षभर शाळेमागं पडून तिच्या तळाचं प्लायवूड पार कुजलं होतं. पाय ठेवला की चहात बुडवलेल्या बटरासारखं खचायचं. बोट चालवणारे तुकाअण्णा माझ्याकडं आले.

"मिस्त्री, तेवढा तुकडा बदल की. पावसाळा तोंडावर आलाय."

तेवढाच बदलायचा ना? कुजलेला भाग कापला, तर खाली थर्माकोलच्या लाद्या! मला वाटलं, पॅकिंगचा कचरा कंपनीनं आतच ठेवला. अण्णांना विचारायचं? छे! वीस वर्षं रंधा मारलेला माणूस विचारतो होय कुणाला?

लाद्या उकिरड्यावर टाकल्या. त्यांच्या जागी दिवाणाखाली घालतो तसे बाभळीचे जाडजूड वासे ठोकले. वर नवं प्लाय.

आमच्या धंद्यात परीक्षा एकच. गिऱ्हाईक दिवाणावर चढून नाचतं. करकरला नाही की पास. इथंही नऊ जण बोटीत चढून नाचले, कोरड्या जमिनीवर! आवाज नाही. नारळ फुटला.

"बोट हाय का किल्ला!" सरपंच म्हणाले. मी असा फुगलो म्हणता! बोट एकदा पाण्यात घालून बघावी, हे नऊ जणांत एकालाही सुचलं नाही.

मग पाणी आलं.

आत्या खालच्या गल्लीत एकटी. ती कौलांवर, म्हैस त्याच कौलांखालच्या उघड्या गोठ्यात छातीभर पाण्यात. आत्याला बोटीत घ्यायचं, म्हशीचं दावं मागं बांधून तिला पोहवत आणायचं. अण्णांबरोबर मीही निघालो. आत्या माझी, बोटही माझीच केलेली!

आम्ही दोघं बसलो, तर बोटीचा काठ पाण्यापासून चार बोटं वर.

"खाली काय भरलंयस रं?" अण्णा ओरडले.

"बाभूळ."

"आन् थर्माकोल?"

"त्यो कचरा? टाकला की."

"पाणी शिरलं तरी बोट बुडू नये म्हणून हुता त्यो, शाण्या! आन् तू वर बाभळीचं वजन घातलंस!"

तेवढ्यात उकिरड्यावरच्या त्या लाद्या आमच्या शेजारून ऐटीत तरंगत गेल्या. मला रडू फुटायचं बाकी होतं.

आत्याच्या घराशी पोचलो. तिघं बसणं शक्यच नव्हतं. म्हैस बांधली तर एका हिसड्यात बोट पालथी. "म्हस न्हाय जमायची," अण्णा म्हणाले. आत्यानं खाली वाकून खांबाला बांधलेलं दावं स्वतःच्या हातानं विळ्यानं कापलं. म्हैस एकदा हंबरली आणि धारेला लागली.

मी कौलांवर चढलो, आत्या बोटीत उतरली. जाताना एवढंच म्हणाली, "किती वर्सं दूध प्यालास रं तिचं?"

बोट गेली, मी कौलांवर बसून राहिलो.

दुपार कलल्यावर अण्णांनी धाडलेली शेजारच्या गावची बोट आली.

"या पावणं. काय करता?"

"फर्निचरचं काम."

बोटीतल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "बोटीत बाभूळ घातली त्योच मिस्त्री का काय?"

"व्हय."

"बसा. पर दोन्ही हात मांडीवर. आमच्या बोटीला हात कुटं बी लावायचा न्हाय!"

आणि खरं सांगतो, काठ येईपर्यंत नाकाला खाज सुटली होती, तरी मी हात उचलला नाही.