ताईच्या उशाशी बटण

आमचे भाऊजी कुलपांचे डॉक्टर. ताईच्या नवऱ्याचं मेव्हणीनं फार कौतुक करू नये, पण त्यांच्या हातून न उघडता परत गेलेलं कुलूप मी तरी पाहिलेलं नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधे अंग चोरून चढावा लागणारा जिना. दुकानात किल्ल्या कापायचं यंत्र दिवसभर किंचाळत असतं, त्यामुळे भाऊजींना कमी ऐकू येतं आणि ते स्वतःही ओरडूनच बोलतात. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून त्यांना जेवायला हाक मारायची, आणि तिचा आवाज त्या यंत्राच्याही वर चढायचा.

तो आवाज गेला. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. डावा हात तेवढा चालतो. एकदा भाऊजी खाली कामात असताना ती कॉटवरून पडली. ते जेवायला वर आले तेव्हा ताई फरशीवर होती, डोळे दाराकडे लावून. किती वेळ तशी पडली होती हे तिला सांगता येईना. तेव्हापासून भाऊजी शटर अर्धंच उघडायला लागले. एक किल्ली कापायची की धावत वर येऊन बघून जायचं. गुडघे त्यांचेही थकले होते.

लांबच्या शहरात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्यानं एक खोकं पाठवलं. त्यात उशाशी ठेवायचं एक बटण आणि दुकानात लावायची एक घंटा. तारा नाहीत, काही नाही, घरातल्या वायफायवर चालायचं. आईनं बटण दाबलं की खाली घंटा वाजेल, बाबा पूर्ण दिवस दुकान उघडं ठेवू शकतील. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणाला. मुलं असं म्हणतात तेव्हा त्यांचा कान धरावासा वाटतो.

बटणाचा दिवा लुकलुकायचा, फोनवर गोल गोल फिरत राहायचं आणि शेवटी यायचं, उपकरण जोडता आलं नाही. भाऊजींनी वायफायचा पासवर्ड एकेक अक्षर ओरडत इतक्या वेळा घातला की अख्ख्या गल्लीला पाठ झाला असेल. मी चष्मा चढवून बसले, माझ्याही नाकी नऊ आले. भाऊजी ते बटण कानाशी धरून हलवायचे, कुलपातला खटका ऐकावा तसं. त्याला ना भोक, ना स्क्रू, ना खटका. शेवटी हात मांडीवर ठेवून बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघवायचंही नाही. ताई पडल्या पडल्या सगळं बघत असायची.

अखेर मीच खोक्यावरचा नंबर बघून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईनं विचारलं, तुमच्या घरात वायफायचं एक नाव दिसतं की दोन? मी म्हटलं, एकच. मग तिनं समजावून सांगितलं. राउटरमधून दोन वायफाय निघतात. एक वेगवान, पण भिंती आल्या की दमणारं. दुसरं सावकाश, पण लांबवर पोचणारं. बटण-घंटेसारख्या वस्तूंना फक्त ते सावकाश वायफायच कळतं. आणि तुमच्याकडे नेमकं तेच कुणीतरी बंद करून ठेवलंय.

कुणी, हे विचारायची गरजच पडली नाही. भाऊजींची मान खाली गेली होती. राउटर बसवणाऱ्यानं दोन नावं दाखवली तेव्हा यांनी हट्टानं एक बंद करून घेतलं होतं. एका घराला दोन दारं कशाला, चोराच्या सोयीला? एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्डही त्यांनी स्वतः बदलला आणि धंद्याची शिस्त म्हणून कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही. आता तो त्यांनाच आठवेना. लग्नाची तारीख, दुकानाचा नंबर, ताईचं माहेरचं नाव, सगळं घालून झालं.

बाई म्हणाली, मागे एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी दाबून धरा. सगळं पुसलं जाईल आणि नव्यानं सुरू करता येईल.

"म्हणजे फोडायचं," भाऊजी म्हणाले.

"फोडा. ताईपेक्षा मोठं आहे का ते?" मी म्हटलं.

उभ्या आयुष्यात त्यांनी कुलपं उघडली होती, फोडलं एकही नव्हतं. टाचणी हातात घेऊन इतका वेळ उभे राहिले की मी ती हिसकावूनच घेणार होते. मग दाबली. राउटरचे सगळे दिवे विझले आणि एकेक करून परत लागले. बाईनं फोनवरून धीर देत देत दोन्ही वायफाय सुरू करून घेतली, फोन सावकाश वायफायवर घ्यायला लावला. बटण जोडलं गेलं. पाठोपाठ घंटाही. ताईचा अंगठा धरून भाऊजींनी बटण दाबून दाखवलं, खाली घंटा वाजली आणि आमचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी दुकानाचं शटर पूर्ण वर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईची औषधं घेऊन दुकानात शिरत होते, तेवढ्यात घंटा झाली. यंत्राच्या गोंगाटातही भाऊजींनी ऐकली. हातातली किल्ली तशीच टाकून ते जिना चढले, मागोमाग मी. ताई कॉटवर नीट होती. बटण तिच्या मुठीत होतं.

पाणी हवंय का, त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली, नको. उशी? नको. कूस बदलायची? दुखतंय कुठे? पंखा? खिडकी? मीही सुचेल ते विचारलं, लेकाशी बोलायचंय का तेही विचारलं. ती मान हलवत राहिली. तोंड उघडायची, घशातून नुसता घरघर आवाज यायचा, मग मिटायची. तिचे डोळे भरून आले. विचारण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नाही. मी तिच्या पाठची बहीण असूनही माझा काही उपयोग नव्हता.

भाऊजी कॉटच्या कडेवर बसले. ओरडून बोलायची सवय असलेला माणूस, पण मला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू म्हणाले, "मला कळत नाही गं. खरंच कळत नाही तुला काय हवंय."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघताच तिनं पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. खाली दुकानात कुणी नव्हतं, तिथे घंटा वाजत राहिली.