तिसरा दगड

देवावर माझा थोडाफार विश्वास होता. आमच्या जुन्या गाडीवर अजिबात नव्हता. हँडब्रेक आणि गिअर दोन्ही नावापुरते, म्हणून उतारावर थांबलं की चाकापुढे दगड लावायचा, हा आमच्या घरचा नित्यनेम.

आई मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा पाण्यातल्या देवीला, आसरामातेला, नवस बोलली होती: तळ्यात पाय भिजवून रोडग्यांचा नैवेद्य दाखवीन. त्यासाठी आम्ही रोहण्याच्या पुढच्या एका लहानशा गावी गेलो. तळ्याच्या वरच्या अंगाला गाडी लावली आणि माझं अवसानच गेलं. पाणी खाली, आणि तिथवरचा उतार आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता.

"मी तांब्यात पाणी आणतो," मी म्हटलं.

"तांब्यात पाय घालीन, असं बोलली होती का मी?" म्हणत ती जपमाळ घेऊन गाडीतच रुसून बसली. नवस अपुरा राहिला तर दुखणं परत येईल, ही तिची भीती. खरं सांगायचं तर माझीही.

इकडे बायकोने कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्या पेटवल्या आणि वांग्याच्या भाजीला चूल मांडायला घेतली. "अहो, दोनच दगड सापडले. तिसरा आणा ना लवकर!"

समोरच एक छान चौकोनी दगड दिसला. उचलला, नेऊन दिला, आणि संसाराला हातभार लावल्याच्या समाधानात हात झटकतोय, तोच ती किंचाळली, "अहो, गाडी चालली!"

दगड चाकापुढचा होता.

आईला घेऊन गाडी उतारावरून निघाली. मागे पळताना मी आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या; त्यात सासुरवाडीचेही आले. गाडी बेशरमाच्या झुडपांत घुसली, काड्या मोडत पाण्यात शिरली आणि चिखलात बसलेल्या एका म्हशीला अलगद टेकून थांबली. म्हैस उठलीसुद्धा नाही.

"भाऊ, गाडी लावाले दुसरी जागा नाई भेटली का?" म्हशीचा मालक म्हणाला. मग त्यानेच दार उघडलं. "ये माय, हात दे." आई उतरली, ती थेट घोटाभर पाण्यात.

"काऊन रे धापा टाकून राह्यला?" तिने मला विचारलं. "तिनं बलावलं, मी आली."

बैलजोडीने गाडी वर ओढली. नैवेद्यानंतरचा पहिला रोडगा म्हशीला दिला.

हँडब्रेक मी लगेच दुरुस्त केला. देवीला दरवेळी त्रास कशाला? आई पुढे बरीच वर्षं आमच्यात राहिली. आजही सगळं आपणच सांभाळतोय असं वाटू लागलं, की मला ते तळं आठवतं आणि हात आपोआप जोडले जातात. त्या दिवशी माझी अक्कल चालली असती, तर आईच्या पायांपाशी तांब्याभर पाणी पोचलं असतं. ती चालली नाही, म्हणून अख्खं तळं मिळालं.