पहिल्या शुक्रवारची रांग

माझगावच्या त्या शाळेत धर्माच्या तासाची घंटा झाली की नववीचा वर्ग दोन ठिकाणी फुटायचा. कॅथलिक पोरं डावीकडच्या खोलीत बीट्रिस परेरा मिसकडे, आणि बाकीची उजवीकडे कमलाकांत विजयकर सरांकडे, नीतिशिक्षणाला. मध्ये एक लाकडी पार्टिशन. इकडे बीट्रिस दहा आज्ञा घोकून घ्यायची, तिकडे कमलाकांत टेबलावर मूठ आपटून सांगायचा, "सदा खरं बोलावं, मुलांनो! परिणामांची पर्वा करू नये!" आवाज भारदस्त. पार्टिशनच्या अलीकडे बीट्रिसला शब्दन् शब्द ऐकू यायचा आणि तिच्या हातातला खडू मोडायचा.

कारण ती त्याची बायको होती, आणि हे शाळेत कोणालाही ठाऊक नव्हतं.

पंचावन्न साली फोर्टातल्या रजिस्ट्रारच्या कचेरीत दोघांनी सह्या केल्या. ती चौतीस वर्षांची, तो अडतीसचा. पळून जायचं वय दोघांचंही उलटून गेलेलं. महिनाभर नोटीस फळ्यावर लागली होती, ती वाचायला ना माझगावातून कोणी गेलं, ना गिरगावातून. कमलाकांत पाठारे प्रभूंच्या जुन्या घरातला, ठाकुरद्वारला आई आनंदीबाईंबरोबर राहणारा. आईला किरिस्ताव सून आणल्याचं सांगायचं तर आधी तिचा मूड बघायला हवा, आणि तो कधीच बरा नसायचा. शिवाय संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली आणि सर त्या चळवळीचे पक्के. "एवढी मुंबई मिळू दे," तो म्हणाला, "मग आईला सांगतो. त्या आनंदात तिला काहीही चालेल." बीट्रिसनं विश्वास ठेवला. प्रेमात पडलेली बाई कशाकशावर विश्वास ठेवते, हा एक वेगळाच अभ्यासक्रम आहे. परळला कमलाकांतच्या मित्राचं बिऱ्हाड होतं. मित्र आणि त्याची बायको शनिवारी दुपारी बाहेर जायची, आणि हे दोघं तेवढे तीन तास संसार करायचे.

पण आनंदीबाई ही खरी अडचण नव्हतीच. चर्चच्या दृष्टीनं असं लग्न लग्नच नव्हे. तशा बाईनं कम्युनियन घेतली, वेदीपाशी जाऊन ती पवित्र भाकर जिभेवर घेतली, तर ते महापाप. हे बीट्रिसच मुलांना शिकवत होती, आणि नुसती शिकवत नव्हती, मनापासून मानत होती. एकदा दादरच्या चर्चमध्ये, जिथं तिला कोणी ओळखत नव्हतं, ती कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, जाऊन आली. जाळीपलीकडचे फादर मायेनं म्हणाले, "मुली, लग्न चर्चमधून नीट करून घे. तुझ्या पॅरिशच्या फादरकडे अर्ज दे." तिच्या पॅरिशचे, म्हणजे माझगावच्या चर्चचे, फादर हेच शाळेचे प्रिन्सिपल. सुटायचं एकच दार, आणि ते त्यांच्या ऑफिसात उघडणारं. तिथं तोंड उघडलं की दोघांच्याही नोकरीवर पाणी, आणि घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली.

आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळी कॅथलिक पोरं सकाळच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, रांगेनं वेदीपाशी जायची, आणि नववीच्या रांगेत सर्वांत पुढे मिस. मग बीट्रिस काय करायची? चहा प्यायची. कम्युनियन घ्यायची तर मध्यरात्रीपासून पोटात अन्नाचा कण नको, असा तेव्हा नियम होता. ती पहाटे उठून पाव-चहा घ्यायची आणि सांगायची, "डॉक्टरांनी उपास करायला मना केलंय, भोवळ येते." रांग वेदीपर्यंत नेऊन ती बाजूला उभी राहायची. दीड वर्ष तिची अब्रू एका कप चहानं राखली. पोरांना बिचारीची दया यायची. फ्लोरी नावाची एक नाकासमोर चालणारी मुलगी तर मिसची भोवळ जावी म्हणून नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, करत होती.

सत्तावनच्या मार्चात निवडणूक झाली. लालबाग-परळात गुलाल उधळला, घोषणा देऊन देऊन विजयकर सरांचा घसा बसला, आणि त्याच महिन्यात रोमहून नवा नियम आला. मध्यरात्रीपासूनचा उपास बंद. खाणं तीन तास आधी आणि चहा तासभर आधी झालेला असला की पुरे. फादर प्रिन्सिपलनी तो प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवला आणि मिस्कील हसून म्हणाले, "बीट्रिस मिस, पोपसाहेबांनी खास तुमची सोय केली बघा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. फ्लोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपली नोव्हेना पावली. इतक्या माणसांनी एकदम आपल्यासाठी आनंद करावा आणि त्यानंच आपला गळा आवळला जावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मधल्या सुट्टीत तिनं कमलाकांतला जिन्यावर गाठलं.

"आज फादरना सांगू या," ती म्हणाली. "तुम्ही नुसते बरोबर चला. बोलते मी."

"आज?" त्यानं आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "अगं, काय बोलतेस! आत्ता कुठे दिवस फिरताहेत. हे द्विभाषिक राज्य आता मोडलंच समज. थोडी कळ काढ."

"शुक्रवार कळ काढायचा नाही."

"मग जा ना. चकतीएवढा तर तुकडा असतो. गिळून टाक, कोणाला कळतंय?"

तो वाईट माणूस नव्हता. आपण छान तोड काढली, असंच त्याला वाटलं. बीट्रिसला मात्र त्या जिन्यावर पहिल्यांदा उमगलं की जे तिला जन्माचं भय होतं, ते या माणसाला चकतीएवढं दिसत होतं. तिला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त एकटं वाटलं.

पाच एप्रिलला नववीची रांग उठली. बीट्रिस पुढे. वाटेत थांबावं, पाय मुरगळल्याचं सोंग करावं, सगळं मनात येऊन गेलं. कठड्यापाशी तिनं गुडघे टेकले, फादर समोर आले, तिनं तोंड उघडलं. वीज पडली नाही. काहीच झालं नाही, आणि तेच तिला सोसवेना. जागेवर परतताना तिला दिसलं की फ्लोरी रांगेत आलीच नव्हती. ती बाकावर बसून होती, मान खाली घालून.

धर्माच्या तासाला पोरं टपलेलीच होती. "मिस, फ्लोरी गेली नाही! फ्लोरी बसून राहिली!"

फ्लोरी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मिस, रविवारी मी आईला मिस्साला जाते म्हणून सांगितलं आणि मॅटिनीला गेले. अजून कन्फेशन केलं नाहीये. तुम्हीच सांगितलंत ना, अशा वेळी जायचं नाही, लाज वाटली तरी बसून राहायचं?"

"वाटली लाज?"

"खूप, मिस. सगळे बघत होते." तिनं नाक पुसलं. "पण तशीच जाऊन आले असते तर जास्त वाटली असती. ना, मिस?"

पलीकडे कमलाकांतचा बसका आवाज चालू होता. सत्य, निर्भयता वगैरे.

"बरोबर केलंस," बीट्रिस म्हणाली. "बस."

मग तिनं पुस्तक उघडलं आणि पुढचा प्रश्न विचारला, कारण त्या दिवसाचा धडाच तो होता. जाणूनबुजून महापापात असताना जो कम्युनियन घेतो, तो काय करतो? बेचाळीस पोरांनी एका सुरात उत्तर दिलं. मागचा बाक जरा अडखळला, म्हणून तिनं ते पुन्हा एकदा म्हणून घेतलं.

त्यानंतर दर पहिल्या शुक्रवारी ती गेली. दुसऱ्या खेपेला कमी थरथरली, तिसऱ्या खेपेला त्याहून कमी, आणि या सरावाचीच तिला अधिक धास्ती वाटू लागली. फ्लोरी मॅट्रिक होऊन शाळेतून गेली. आनंदीबाई ठणठणीत होत्या.

साठ साली, एक मेला, मुंबई मिळाली. त्या रविवारी दुपारी बीट्रिस नवं निळं पातळ नेसून परळच्या बिऱ्हाडी जाऊन बसली. एकोणचाळीस वर्षांची बाई, पण तिला कुमारिकेसारखं उगीचच हसू फुटत होतं. कमलाकांत आला तो केसांत गुलाल आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच.

"मिळवली!" तो ओरडला. "मिळवली की नाही?"

"मिळवलीत," ती म्हणाली. "मग आईंना आज सांगायचं की उद्या?"

त्याचा चेहरा उतरला नाही, हे विशेष. तो तिच्यासमोर बसला आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला, "मुंबई मिळाली गं. पण बेळगाव-कारवार राहिलं ना अजून!"

या माणसाचा महाराष्ट्र कधीच पुरा व्हायचा नव्हता, हे बीट्रिसला तेव्हा कळून चुकलं. तिनं भांडण केलं नाही. पाच वर्षांत तिला भांडायलाही कोणी मोकळं आंगण दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पहिला शुक्रवार आला. शाळेला मेची सुट्टी. चर्चमध्ये पाच-सात म्हाताऱ्या, आणि त्यांना स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. बीट्रिस शेवटच्या बाकावर बसली. आज बसून राहायचं, असं तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. आज मागे रांग नव्हती, आज कोणी पाहत नव्हतं. वेळ झाली, म्हाताऱ्या एकेक करून उठल्या. आणि बीट्रिसही उठली, तिनं हात जोडले आणि ती वेदीकडे चालू लागली.