चूक पाठाची

परवा नातीनं मोबाईलवर कसलासा धडा उघडला. प्रश्न आला, तिनं बोट टेकवलं, हिरवी खूण उमटली, लगेच पुढचा प्रश्न. "आजोबा, बघा ना, किती नवीन आहे हे!" म्हटलं, "नवीन? अगं, हेच मी पन्नास वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या पट्टीवर केलंय. विचार तुझ्या आजीला." ती हसली आणि पुन्हा मोबाईलात घुसली. हल्ली कुणाला काही सांगायची सोय राहिली नाही. म्हणून इथं लिहितो.

बहात्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. मी नगरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि जोडीला शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होतो. विषय होता क्रमान्वित अध्ययन. नाव भारदस्त, पण गोष्ट अगदी साधी. धडा सलग शिकवायचा नाही, त्याचे लहान लहान घास करायचे. एका चौकटीत दोन ओळी माहिती आणि खाली एक रिकामी जागा. शिकणाऱ्यानं ती भरायची. कागदाच्या उजव्या कडेला उत्तरं, त्यांच्यावर पुठ्ठ्याची पट्टी. आपलं उत्तर लिहून झालं की पट्टी एक घर खाली सरकवायची, ताडून बघायचं आणि पुढं जायचं. मास्तर नको, छडी नको. आमची पहिल्या वर्षाची खेड्यातली मुलं सरासरी, शेकडेवारी म्हटलं की पांढरी पडायची. त्यांना असं शिकवता येतं का, हे मला बघायचं होतं.

माझे मार्गदर्शक पुण्याला असत. ते म्हणाले, "वर्गावर नेण्याआधी पाठ एकाच माणसावर करून बघा. विषयाला घाबरणारं कुणीतरी शोधा. आणि एक ध्यानात ठेवा. त्यानं चूक केली तर ती त्याची नाही, पाठाची. पाठ बदलायचा." परतीच्या एस.टी.त बसल्या बसल्या माझं माणूस शोधून झालं. ते आमच्याच घरात भाकरी थापत होतं.

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी राजूरच्या डोंगरातला, ती श्रीगोंद्याकडची, उसाच्या रानातली. मॅट्रिकला तिचे बाकी सगळे विषय निघाले, गणितात गेली. तिला कॉलेजात जायचं होतं. तसं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण सकाळी कॉलेजच्या मुली सायकलवरून जायच्या तेव्हा हिचं दारातलं झाडणं काही केल्या संपत नसे. मी म्हणायचो, "ऑक्टोबरच्या परीक्षेला बस की पुन्हा. एक विषय तर आहे." ती म्हणायची, "त्येवढं सोडून बोला. गणित आन् मी, पुन्हा तोंड बघायचं न्हाई." एवढं बोलून आत निघून जायची.

पाठासाठी मात्र बसली. नवऱ्याच्या परीक्षेचं काम म्हणून बसली, स्वतःसाठी नव्हे. संध्याकाळी चूल आवरली की आम्ही समोरासमोर बसायचो. पहिल्याच दिवशी एक उत्तर चुकलं. पट्टी सरकवून तिनं खरं उत्तर पाहिलं मात्र, दोन्ही हात झटकन पदराखाली गेले. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काय न्हाई, सवय हाय." गावच्या शाळेत गणित चुकलं की तळहातावर छडी बसायची. मी तिला पुण्याच्या सरांचं वाक्य ऐकवलं, "हे बघ, चूक तुझी नाही. पाठाची आहे." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भांग खाऊन आलोय.

पण सुरुवातीला मजा आली हो! एका चौकटीत मी लिहिलं होतं, 'या गावात घरटी सरासरी साडेचार माणसे राहतात.' बाईसाहेब अडल्या. "आर्धं मानूस कुठल्या घरात ऱ्हातं वो?" मी आधी चिडलो, मग हसलो, मग तो सगळा कागद फाडून नव्यानं लिहिला. तिची प्रत्येक चूक म्हणजे मला नवा कागद. कॉलेज, तपासणीचे पेपर आणि त्यावर हे. मी कुरकुरायचो, डोकं धरून बसायचो. स्वभावच तसा, त्याला काय करणार!

आणि मग एकाएकी तिचं सगळं बरोबर यायला लागलं. पाठामागून पाठ, एक चूक नाही. मला काय वाटलं? अहो, काय वाटणार! वाटलं, माझा हात बसला. पुण्याला सरांना सांगून आलो, पाठ तयार आहेत. तिला म्हटलं, "बघ, गणित येतंय तुला. आता तरी ऑक्टोबरला बस." ती रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, निवडत बसली. दुष्काळाचं साल होतं, घरोघर तोच मिलो.

पाठाच्या प्रती सायक्लोस्टाइल करून वर्गात वाटल्या आणि बोंबललं सगळं. ज्या चौकटी तिनं चुटकीसरशी सोडवल्या होत्या, तिथंच मुलं धडाधड आपटली. मागच्या बाकावरच्या दोघांनी तर कागदांच्या होड्या केल्या. एक मुलगी कागद हातात घेऊन रडवेली उभी राहिली. "सर, आम्हाला काहीच कळंना," म्हणाली. मी तणतणत घरी आलो.

ती चुलीपाशी होती. मी कागद तिच्यासमोर धरला. "हे तू पहिल्या झटक्यात कसं सोडवलंस? अख्खा वर्ग बुडाला इथं!"

तिनं मिलोची भाकरी थापायची थांबवली नाही. ती भाकरी तशीही एकसंध राहायची नाही, कडा सारख्या तुटायच्या. त्या जोडत जोडत म्हणाली, "पट्टी जरा आधीच खाली सरकवायची मी."

"काय? बघून लिहायचीस? अगं, पण का? मी सांगितलं होतं ना, चूक तुझी नसते म्हणून!"

"व्हय, सांगितलं हुतं की." आता तिनं हात थांबवले. "माझी न्हाई, म्हंजे तुमची. माझं एक चुकलं की तुमी आख्खा कागद फाडायचा, डोकं धरून बसायचा. डोळं लाल व्हायचं तुमचं. मला छडी खायची सवय हाय. तुमचं तोंड पडल्यालं बघायची न्हाई."

वर्ग बुडाला, सरांपुढं नाक कापलं गेलं, सगळं खरं. पण माझ्यावर कुणी एवढी माया करत असेल, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आणि वाईट याचं वाटलं, की ह्या मायेपायी पोरीला सरासरी यायची ती आलीच नाही. माझे कागद वाचवताना तिचंच शिकायचं राहून गेलं. मी तिच्याशेजारी चुलीपुढं बसलो. म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून करू." तिचा चेहरा उतरला. आता बघून लिहायची सोय नव्हती.

दोन दिवस मी विचार केला. पाठ बदलायचे होतेच, पण मुख्य अडचण पाठात नव्हती. मी तिच्यासमोर तोंड घेऊन बसत होतो, ते माझं तोंड ही अडचण होती. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी तिला आतल्या खोलीत बसवलं, कागद, पेन्सिल आणि पट्टी दिली. "मी बाहेर आहे. दार लावून घेतो. चुकलं तर चुकू दे, मला दिसणार नाही." सूप घेतलं आणि उंबऱ्याबाहेर मिलो निवडत बसलो. शेजारीण पाण्याची कळशी घेऊन जाताना थबकली. "आज गुरुजी निवडत्यात व्हय?" म्हटलं, "हो, बाईसाहेबांचा अभ्यास चाललाय."

आतून आवाज नाही. माझा जीव टांगणीला. एकदा वाटलं, उठून फटीतून बघावं. अगदी उठलोही होतो, पण पुन्हा खाली बसलो आणि खडे वेचत राहिलो.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. ती बाहेर आली. एका चौकटीभोवती तिनं पेन्सिलीनं ठसठशीत गोल काढला होता. आतलं उत्तर साफ चुकलं होतं. मी नकळत तिच्या हातांकडं पाहिलं. एक हात कमरेवर होता, दुसऱ्यानं कागद माझ्या नाकापुढं धरला होता.

"हितं चुकलंय," ती म्हणाली. "मला वाटं कसं करायचं ते कळलं, पर हे मधनंच शेकड्यावर उडी मारलीया तुमी. आसं कुनाला समजंल? नीट लिवा परत."

मी सूप खाली ठेवलं. डोळे भरून आले होते, आणि ह्या वेळी तिला ते दिसले तरी मला चालणार होतं.

"आन् ऐका," कागद माझ्या मांडीवर टाकत ती म्हणाली, "ऑक्टोबरच्या आत लिवा. मी बसनार हाय."