वकीलबाईंची नक्कल

वकीलबाईंची सगळी हयात नकलांशी भांडण्यात गेली. कुणी साबणाचं नाव चोरलेलं, कुणी यंत्राची रचना. बाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

घरी मात्र चोर मोकाट होता. जेवता जेवता नवरा हुबेहूब त्यांच्यासारखा चष्मा पुसायचा, नाकावर चढवायचा आणि म्हणायचा, "मुद्दा साधा आहे, साहेब!"

"दावा ठोकीन हं तुझ्यावर!"

"ठोक की! गुन्हा कबूल आहे." चोर तो चोर, वर शिरजोर.

तो जाऊन वर्ष झालं. आता बाई जेवताना रेडिओ लावतात, बातम्या कुठल्याही असोत.

परवा त्या कोर्टात वकिलांच्या खोलीत शिरल्या, तर विरुद्ध बाजूचे वकील चष्मा नाकावर चढवून चारचौघांना हसवत होते, "मुद्दा साधा आहे, साहेब!"

बाईंना बघताच त्या वकिलांचा चेहरा खर्रकन उतरला. "माफ करा, बाई."

बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"चष्मा आधी पुसायचा असतो," त्या म्हणाल्या. "पुन्हा करा."