खारदांड्याची वापसी आजी

कामाला आलेल्या बाईला ती आधी हात पुढे करायला लावायची. तळवे उलटे, मग सुलटे. नखं दाबून बघायची, बोटांच्या बेचक्यात नाक घालून वास घ्यायची. जन्म पापलेटाचे कल्ले उघडून बघण्यात गेला होता, माणसालाही ती तसंच तपासायची. पसंत पडली नाही की दारातूनच, "जा बाय, तुझा माल शिळा आहे." आजारी माणसांच्या घरी बायका पुरवणारं आमचं ब्युरो अंधेरीला होतं. तिथे तिचं खरं नाव कोणी घेत नसे. आम्ही सगळ्या तिला वापसी आजी म्हणायचो.

माझीही वापसी होणार असं ब्युरोतल्या पोरी हसत म्हणाल्या होत्या. खारदांड्याच्या कोळीवाड्यात तळमजल्याचं घर. बाजारातल्या ओल्या लादीवर घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. मुलगा हरेश होडीवर, सून निर्मला मासळी विकायला. दिवसा मी, रात्री ब्युरोचीच दुसरी मुलगी, अशी ड्युटी ठरली होती. मी हात पुढे केले. तिने वास घेतला आणि म्हणाली, "साबण बरा आहे. पण हात थंड का?"

मी म्हटलं, "आजी, दहिसरवरून येतेय. गरम कुठून आणू?"

"आजी कोणाची? तुझे केस माझ्याहून पांढरे."

मग ती मला बाय म्हणू लागली आणि मीही तिला बायच म्हणू लागले. तिची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून तिचं बोलणं माझ्या मराठीत लिहिते. तिच्या तोंडी ते याहून तिखट होतं.

आधीच्या घरांत माझं आडनाव विचारायचे, मग माझा कप वेगळा ठेवायचे. मी तोंडावर विचारायची, कप वेगळा आणि तुमच्या आईचं ढुंगण धुवायला हात चालतो का? त्यामुळे माझी घरं फार टिकत नसत. या बाईने आडनाव विचारलं नाही. तिने विचारलं, "सुकट खातेस का?" खाते म्हटल्यावर सुनेला हाक मारली, "हिचं ताट माझ्याबरोबर वाढ. एकटीने जेवायला मला कंटाळा येतो."

तिचं एक म्हणणं होतं: आधी सांग, मग हात लाव. कूस बदलायची, चादर ओढायची, स्पंज करायचा, काहीही असो, आधी सांगायचं. एकदा मी घाईत न सांगता तिची मान उचलली. तिने उशीच फेकून मारली. "मी काय टोपली आहे? उचलली आणि ठेवली?" दुखायचं तेव्हा ती शिव्या द्यायची, पण दुखत नसताना दुखल्याचं नाटक तिने कधी केलं नाही. आजारी माणसात हे फार कमी बघितलं मी.

महिन्यातून एकदा ब्युरोची सुपरवायझर तपासणीला यायची. चांगली शिकलेली, निळा टी-शर्ट, हातात मोबाइल. माझ्या हातमोज्यांचा फोटो, गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो, झाकण लावलेल्या बादलीचा फोटो. पलंगावरच्या बाईकडे पाठ करून मला विचारायची, "पेशंट को-ऑपरेट करते का?"

"पेशंट बहिरी नाही," पलंगावरून आवाज यायचा. "आणि मुकी तर मुळीच नाही. मला विचार."

"हो हो आजी, कशा आहात? सर्व्हिस कशी वाटते?"

"तुमच्या सर्व्हिसचा फोटो बरा येतो."

आता मुख्य गोष्ट. सगळं आयुष्य पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायला जाण्यात गेल्यामुळे बायचं अंग पहाटे आपोआप उठायचं. डोक्याला कळायच्या आधी पाय पलंगावरून खाली यायचे. एकदा अशीच ती पडता पडता वाचली. हरेश घाबरला. त्याने सुपरवायझरला फोन केला. ती म्हणाली, काळजी करू नका, रात्री हात सैलसर बांधून ठेवायला सांगते, सेफ्टीसाठी सगळीकडे करतात. हे मला कोणी सांगितलं नाही, बायला तर नाहीच.

सकाळी मी पोचले तर बाय पलंगावर ताठ बसलेली. दोन्ही मनगटं लाल. पलंगाच्या दांडीला जुन्या लुगड्याची पट्टी लोंबत होती. रात्रीची मुलगी कोपऱ्यात रडत होती. सुपरवायझरने तिला दम दिला होता की पेशंट पडली तर तुझ्यावर येईल. तिचा दोष मी धरत नाही.

"सुटलीस कशी?" मी विचारलं.

"दातांनी," बाय म्हणाली. "ती काय गाठ होती? आमच्या घरात कोणी असली गाठ मारली असती तर होडी कधीच पाकिस्तानात गेली असती." पण ती हसली नाही. "बाय, रात्री मला लघवीला लागली होती. मी हाका मारल्या. ही पोर झोपली होती, हरेश-निर्मला धक्क्यावर गेले होते. मी तशीच पडून राहिले."

चादर मी बदलली. त्यानंतर सकाळभर ती मला काही बोलली नाही, मी सांगायच्या आधी हात लावला तरी बोलली नाही. तेव्हा मला भीती वाटली. शिव्या देणारी बाई गप्प झाली की समजावं, हिच्यात काहीतरी मोडलंय.

दुपारी हरेशने सुपरवायझरला बोलावून घेतलं. तिला बघितल्यावर बायला पुन्हा आवाज फुटला. "ये. बस. नाही, बसू नको, झोप. इथे, माझ्या जागेवर."

सुपरवायझर हसली. "आजी, मस्करी करता काय?"

"झोप गो. मला तुझी सेफ्टी करायची आहे."

मी बायला खुर्चीत बसवलं. दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर नाही म्हणायला त्या सुपरवायझर पोरीला लाज वाटली असावी. ती आडवी झाली. बायने तीच पट्टी घेतली आणि तिचं मनगट दांडीला बांधलं. दोन वेढे, एक ओढ, झालं. दुसरं मनगटही. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "आता नाक खाजव."

बायका हसल्या. पोरगीही हसली. बाय हसली नाही. तिने निर्मलाला चहा टाकायला सांगितला. चहा झाला, ओतला, आम्ही पिऊ लागलो. पोरगीने गाठ ओढून बघितली. जितकी ओढली तितकी ती आवळत गेली.

"आजी, सोडा ना. प्लीज."

"मीही हेच म्हणत होते."

"आजी, खरंच सोडा. मला कसंतरी होतंय."

"होणारच. कळलं का काय होतं ते? आता त्याचा फोटो काढ."

शेवटी हरेशने गाठ सोडली. पोरगी उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. पण नोकरी तिलाही होती. केस नीट करून ती हरेशला म्हणाली, "तुमच्या आईला बांधायचं नसेल तर आमची जबाबदारी नाही. पडल्या तर ब्युरोचं नाव खराब होतं. उद्यापासून बाया येणार नाहीत."

हरेश आईकडे न बघता म्हणाला, "मग वसईकडचं म्हाताऱ्यांना ठेवायचं केंद्र बघावं लागेल. मी जाऊन आलोय तिथे. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, आई, तुला एकटं कसं ठेवू?"

"तिथे बांधत नाहीत?" बायने विचारलं.

तो दांडीवरची पट्टी गोळा करू लागला.

"मग मला इथेच समुद्रात टाक. केंद्रापेक्षा जवळ पडेल."

मला तिची दया आली नव्हती, दया मला कोणाची पटकन येत नाही. मला राग आला होता. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, सेफ्टी म्हणजे काय ते मला कोणी शिकवलं नव्हतं. पण माणूस पडू नये म्हणून त्याला लाकूड करून ठेवायचं, याला सेफ्टी म्हणणार असतील तर मला ती नको होती. मी म्हटलं, "मी राहते. दिवस-रात्र."

सुपरवायझर माझ्याकडे वळली. "ब्युरोची बाई थेट पार्टीकडे, पेशंटच्या घरच्यांकडे, काम करू शकत नाही. रूल आहे. परत कुठे काम मिळणार नाही तुम्हाला."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्या हातात दिलं. "आता मी ब्युरोची नाही. ह्याचाही फोटो काढ."

ती गेल्यावर डोळे पुसणाऱ्या हरेशला बाय म्हणाली, "रडू नको. करवत आण. मी पडते कारण पलंग उंच आहे. त्याचे पाय काप." पलंग सागाचा, तिच्या सासऱ्याने करून घेतलेला. हरेश होडीच्या कामाची करवत घेऊन बसला आणि चारही पाय कापून पलंग वीतभर उंचीचा केला. बाजूला जमिनीवर गादी घातली, दिवा चालू ठेवला, मी शेजारी झोपले. कमोडच्या खुर्चीवर बसवताना खालून उचलावं लागे, माझ्या कमरेची वाट लागली. निर्मला एका बाजूने धरायला शिकली. पहाटे बायचे पाय खाली आले की लगेच जमिनीला लागायचे. एकदा ती घसरलीच, गादीवर. मी धावले तर म्हणते, "पडले तर पडले. माझी मी पडले ना? ओरडतेस कशाला?"

पुढे ती वॉकर धरून दारापर्यंत जाऊ लागली. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या उघडून मासळी बघायची आणि कोण फसला ते मोठ्याने सांगायची. दोन दिवाळ्या तिने तशा काढल्या. मग छातीत कफ धरला, आणि एका दुपारी जेवण झाल्यावर ती गेली. मी शेजारीच होते. सांगण्यासारखं त्यात काही नाही. दम लागला आणि थांबला.

संध्याकाळी अंगणात तिरडी बांधली. गल्लीतले पुरुष सुतळीने तिला बांधू लागले. पाय झाले, कंबर झाली. मग एकाने तिचे हात छातीवर आणून त्यांच्यावरून सुतळी घेतली.

मी म्हटलं, "हात नाही."

"बाई, बाजूला व्हा. रीत आहे."

"असू दे रीत. पाय बांधा, कंबर बांधा. हात नाही."

"वाटेत हलतील."

"हलू देत."

एक म्हातारा माझ्यावर ओरडला, तू कोण घरातली? मी जागची हलले नाही. तेवढ्यात हरेश खाली बसला. त्याने आईच्या मनगटावरची सुतळी सोडली, तिचे हात दोन्ही बाजूंना ठेवले आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "उचला."

गल्लीच्या वळणावर तिरडी कलली तेव्हा तिचा डावा हात कडेवरून खाली आला. तो कोणी आत घेतला नाही. तसाच हलत गेला.